मुक्या रोपांच्या गाठी

१

ज्या मुळांवर एकही गाठ दिसायला नको होती, त्या मुळांवर गाठी लगडल्या होत्या. आणि हे सांगायला डॉ. शेषाद्रींनी सकाळी सात वाजता फोन केला होता.

संयुक्ता राव तेव्हा चेन्नईत मैलापूरच्या आपल्या बाल्कनीत कढीलिंबाच्या कुंडीत तांदळाचं धुवण ओतत होत्या. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात फोन. रोपांच्या रोगांवर तीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि सकाळची पहिली कॉफी गरम प्यायला मिळावी एवढीच आता त्यांची आयुष्याकडून अपेक्षा होती. तीही आज पूर्ण होणार नव्हती.

"मॅडम, उद्या अकराला बोर्डाची बैठक आहे. तोवर चौकशीचा अहवाल हवा. बाहेरचं माणूस हवंय, आणि रोपांतलं कळणारं."

"तुमच्याकडे यंत्र आहे ना? पानाचा तुकडा घाला, रोप कुठल्या वाणाचं ते लगेच कळेल."

"यंत्र बंद आहे. बंगळुरूचा इंजिनियर सोमवारी येणार होता."

"आज कोणता वार?"

"गुरुवार," शेषाद्री ओशाळून म्हणाले.

पेरुंगुडीपर्यंत पोहोचायला सव्वा तास लागला. मेट्रोसाठी रस्ता खणलेला, रिक्षावाला कोणाशी तरी फोनवर भांडतोय, आणि हवा अशी की साडी पाठीला चिकटून बसली. चौथ्या मजल्यावरच्या त्या बियाण्यांच्या कंपनीची लिफ्टही बंद होती. चौथा मजला चढून येईपर्यंत बाईंनी मनातल्या मनात अहवाल लिहून टाकला होता, आणि त्यात सगळेच दोषी होते.

शेषाद्री प्रयोगशाळेचे प्रमुख. बाईंचेच जुने विद्यार्थी, हुशार पण धांदरट. त्यांनी प्रकरण दोन वाक्यांत सांगितलं. सावनी नावाच्या मुलीने तीन वर्षं खपून सोयाबीनचा एक वाण तयार केला होता. गेल्या शुक्रवारी भागीदार कंपनीचे पाहुणे आले, त्यांनी रोपं उपटून पाहिली, आणि तो वाण खोटा निघाला.

"बी मिसळलं असणार, आणि तिने ते लपवलं," शेषाद्री म्हणाले. "उद्या तिला काढावं लागेल. नुसतं काढणं नाही, मॅडम. खोट्या नोंदी केल्या असं लिहून काढायचं. मग तिला या क्षेत्रात कोणी उभं करणार नाही."

"आणि तुमची खात्री आहे?"

"खात्री असती तर तुम्हाला बोलावलं असतं का? पण एक गोष्ट आहे. वीस कुंड्यांपैकी दोन गायब आहेत. सावनी रजेवरून परत आली त्याच्या आसपास."

२

हरितगृह गच्चीवर होतं, पँट्रीच्या दारासमोरच. सावनी आत उभी होती. सत्तावीसची असेल, वाशिमची, डोळे रडून सुजलेले, पण आवाज मात्र ताठ. बाईंना ते बरं वाटलं. रडक्या आवाजात दिलेल्या उत्तरांनी त्यांचं पित्त खवळत असे.

"मला काही येत नाही असं समजून सांग," बाई स्टुलावर बसत म्हणाल्या. "उद्या बोर्डात बसणारे तसेच असतील."

"सोयाबीनच्या मुळांतून आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्यं मातीत झिरपतात, मॅडम. मातीतल्या जिवाणूंना ती कळतात. ते येतात, मुळात शिरतात, तिथे गाठी होतात, आणि त्या गाठींत हवेतला नत्र रोपाला मिळतो. म्हणजे ही रोपाची हाक असते. माझ्या वाणात हे द्रव्य बनवणारा जीनच बंद केलाय. म्हणून त्याला हाक मारता येत नाही. मी त्याला मुकी म्हणते."

"आणि असं मुकं रोप हवंय कोणाला?"

"ते द्रव्य नेमकं काय काय करतं, हे ते नसलेलं रोप पाहिल्याशिवाय कळणार कसं? रोग शिरला की रोप त्याच द्रव्यापासून बुरशीला मारणारं औषधही बनवतं. हाकही तेच, हत्यारही तेच. मुकीकडे दोन्ही नाही."

डाव्या बाकावर मुकीच्या दोन ओळी होत्या, दहा-दहाच्या. उजव्या बाकावर साधं सोयाबीन, गडद हिरवं. मुकी सगळीच फिकट. पण वाटेलगतच्या ओळीतल्या आठ कुंड्यांत नव्या पानांवर जरा हिरवी झाक होती, आणि मध्ये दोन रिकामे गोल डाग. पाहुण्यांनी काही कुंड्यांतून उपटलेलं एकेक रोप ट्रेमध्ये ठेवलं होतं. पुढच्या ओळीतल्या मुळांना गाठी. मागच्या ओळीतली मुळं साफ.

बाईंनी भिंग काढलं. साध्या रोपाची मुळं पाहिली, मग मुकीची. मग पुन्हा साधी. काहीतरी पुटपुटल्या. साध्या रोपाच्या वरच्या जाड मुळाशी जुन्या टपोऱ्या गाठी होत्या आणि खाली बारीक नव्या. मुकीच्या पुढच्या ओळीत वरचं मूळ अगदी स्वच्छ, आणि खालच्या कोवळ्या मुळांवर गाठी, सगळ्या एकाच मापाच्या.

"तू रजेवर कधी होतीस?"

"नवरात्र बसलं त्या दिवशी गेले, दसरा करून आले. आले तेव्हा दोन कुंड्या नव्हत्या. वहीत लिहिलंय मी. शेषाद्री सर म्हणतात, वही लिहिणारीही तूच."

"मग मागे कुंड्या कोणाच्या हवाली होत्या?"

"पुष्करच्या," ती म्हणाली. "आणि मी गेले तर हा प्रकल्प त्यालाच मिळेल."

३

पुष्कर पुण्याचा. बसल्या बसल्या पाय हलवायची त्याला सवय होती आणि ती पाहून बाईंचं डोकं दुखायला लागलं.

"मी रोज सकाळी नळी लावायचो, मॅडम. ठिबक आहे, सगळ्या कुंड्यांना सारखं पाणी. बाकी मी कशालाच हात लावला नाही."

"तुझं काम कशावर आहे?"

"जिवाणूंच्या पावडरीवर." पाय थांबला. "तिला आम्ही आयसोफ्लेव्होन चोळतो. जिवाणू आधीच जागे होतात."

"म्हणजे बाटलीत भरलेली हाक तुझ्या कपाटात आहे. मुकीच्या मुळाशी ओतली की झालं."

पोराचा चेहरा उतरला. त्याने बाटली आणून दाखवली. नवी बाटली, सील शाबूत, दसऱ्यानंतर आलेली. आधीची नवरात्राच्या आधीच संपली होती आणि मागणीचा कागदही होता. बाईंनी तो उलटसुलट पाहिला. शिवाय ज्याला या द्रव्याची किंमत ठाऊक आहे तो वीसपैकी दहाच कुंड्यांत का ओतेल? ओतणाऱ्याचा हात फक्त पुढच्या ओळीपर्यंत पोहोचला होता. मागच्या ओळीकडे वाकायचा त्याला कंटाळा आला होता, किंवा त्याची कंबर दुखत होती.

"कॅमेरा आहे ना गच्चीवर?"

"आहे," पुष्कर म्हणाला. "पण नवरात्रात त्याच्यावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. नऊ दिवस फक्त पानं हलताना दिसतायत."

बाईंनी डोळे मिटून घेतले. या देशात विज्ञान कसं टिकून आहे, याचं त्यांना राहून राहून नवल वाटे.

"आणि हे तोरण कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"कनकाक्का. नवरात्रातल्या बाहुल्यांचा कोलू त्याच मांडतात ना."

४

कनका ऑफिसची हजेरी, रजा आणि पँट्री सांभाळायची. शेहेचाळीसची, ठसठशीत कुंकू, कमरेला पट्टा बांधलेला. बाईंना पाहताच तिने ओळखलं की या तंजावरकडच्या आपल्यातल्या, आणि ती तमिळ सोडून घरच्या मराठीवर आली.

"अक्का, या, बसा. काफी घालूं? साखर कमी कीं?"

"कमी. आणि गरम दे गे. सकाळपासोन गरम काफी मिळाली नाहीं."

पँट्रीत अजून कोलूच्या पायऱ्या उभ्या होत्या, बाहुल्या तेवढ्या खोक्यांत गेलेल्या. कनका त्या नऊ दिवसांबद्दल मोकळेपणाने बोलली. शेषाद्री सरांची हौस, खरेदी, प्रसादाला रोज सुंडल म्हणजे नारळ घातलेली उसळ.

"सर म्हणाले, सोयाबीनची कंपनी, मग नऊ दिवस सोयाबीनचेंच सुंडल पाहिजे. लोक कंटाळून गेले, अक्का. रोज संध्याकाळी किलोभर भिजूं घालायचें, सकाळीं उपसायचें, शिजवायचें, नारळ घालायचा. माझी कंबर गेली."

"आणि हरितगृहांत कधीं जातेस?"

"मी? मी कशाला जाऊं? झाडांचें मला काय कळतें?" कनकाने ओटा पुसायला घेतला. तो आधीच पुसलेला होता. "त्या पोरीचें पावम वाटतें, दया येते. चांगली पोर. पण मी काय सांगूं?"

कॉफी झाली. बाई पेला धुवायला सिंकपाशी गेल्या, तर वर कागद चिकटवलेला. 'सिंक तुंबलं आहे. पाणी ओतू नये.' खाली तारीख होती, नवरात्र बसल्याच्या दिवसाची. तीन आठवडे!

"हें अजून झालें नाहीं?"

"प्लंबर आज येतों, उद्यां येतों म्हणतो. पेला ठेवा, अक्का, मी धुतें."

पण बाईंचा आता सगळ्यांवरच राग झाला होता. इंजिनियर, लिफ्ट, तोरण आणि आता सिंक. स्वतःचा पेला स्वतः धुवायचा या हट्टाने त्या तरातरा गच्चीवर गेल्या. नळ पाण्याच्या टाकीच्या पलीकडे होता. वाटेत हरितगृहाचं दार. त्या वळल्या, नळ सोडला, आणि पेला हातातच राहिला.

टाकीमागे, जुन्या गोणपाटाखाली, दोन कुंड्या होत्या.

५

दोन्हींतली रोपं मेलेली. बाईंनी ती हळूच उपसून वर्तमानपत्रावर ठेवली, आणि त्यांचा सगळा वैताग काही वेळापुरता कुठल्या कुठे गेला. तीस वर्षं ज्याच्यामागे घालवली ते समोर होतं. देठ जमिनीपासून वर चॉकलेटी पडत गेला होता. मूळकुज. पाण्यात पोहत येणारी बुरशी. आणि त्याच सुकलेल्या कोवळ्या मुळांवर, एकाच मापाच्या, गाठी.

त्यांनी हरितगृहात जाऊन प्रत्येक रोपाचा देठ भिंगाखाली पाहिला. उजव्या बाकावर साध्या सोयाबीनच्या पाच-सहा रोपांना बुडाशी जखम होती, पण प्रत्येक जखमेभोवती तांबूस तपकिरी कडं होतं, आणि त्याच्या पलीकडे रोप निरोगी. डाव्या बाकाच्या मागच्या ओळीत ना गाठ, ना जखम. पुढच्या ओळीत उरलेल्या आठांपैकी तिघांच्या बुडाशी कूज लागली होती, वर सरकत होती, आणि कडं कुठेच नव्हतं.

मग त्या कुंड्यांतल्या मातीकडे वळल्या. वरच्या थरात पातळ, पारदर्शक, पिवळट पापुद्रे होते. सोयाबीनच्या साली.

"सावनी!" त्यांनी हाक मारली. ती धावत आली. "तुझ्या मुकीच्या बियांचा रंग कुठला?"

"काळा, मॅडम. साध्याचाही काळाच. आमच्याकडे सगळं काळ्या सालीचंच आहे."

"मग ही पिवळी साल कोणाची?"

सावनीने एक पापुद्रा चिमटीत धरून पाहिला. बाईंना मात्र आता स्वतःचाच संताप आला. सकाळी सात वाजता उत्तर त्यांच्याच हातात होतं. पातेल्यात.

"सगळ्यांना पँट्रीत बोलाव," त्या म्हणाल्या. "आणि शेषाद्रींना सांग, घाईत असलात तरी या."

६

चौघं कोलूच्या रिकाम्या पायऱ्यांसमोर बसली. पुष्करचा पाय हलत होता. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, पाय थांबला.

"शेषाद्री, बी मिसळलेलं नाही. पुढच्या ओळीत साधी रोपं असती तर त्यांना पहिल्या दिवसापासून गाठी आल्या असत्या, वरच्या मुळालाही, लहानमोठ्या. इथे वरचं मूळ साफ आहे आणि खालच्या गाठी एकाच वयाच्या. मधल्या काही दिवसांतच हाक ऐकू आली, आणि पुढे बंद झाली."

"पण हाक रोपानेच मारली असेल, मॅडम," शेषाद्री म्हणाले. "जीन पुन्हा सुरू झाला असेल."

"तेच तुमची मेलेली रोपं नाही म्हणतायत." बाईंनी वर्तमानपत्र उघडलं. "हे द्रव्य मातीत उतरलं की मित्र येतो तसा शत्रूही येतो. बुरशीलाही तोच वास कळतो. साध्या रोपाने हाक मारली, दोघं आले, पण त्याच्या अंगात हत्यार होतं. जखमेभोवती कडं पडलं, बुरशी तिथेच अडली. मागच्या ओळीतल्या मुकीने हाकच मारली नाही, तर कोणीच आलं नाही. आणि पुढची ओळ? मित्रही आला, शत्रूही आला, आणि लढायला अंगात काही नाही. हाक या रोपांच्या पोटातून आली असती तर हत्यारही आलं असतं. ती बाहेरून आली. कोणीतरी ओतली. सावनीचा वाण आजही मुकाच आहे."

सावनीने दोन्ही हात तोंडावर धरले.

"कोणी ओतली?" शेषाद्रींनी पुष्करकडे पाहिलं.

"त्याला सोडा. तो बाटलीतून ओतेल, त्यात साली कशा येतील? बाजारातलं पिवळं सोयाबीन रात्रभर भिजलं की हे द्रव्य पाण्यात उतरतं. नऊ दिवस, रोज किलोभर. ओतायचं कुठे? सिंक तुंबलेलं. आणि आपल्या घरांत असलं पाणी नुसतं फेकून देत नाहीत, झाडाला घालतात. मी आज सकाळीच घातलं."

सगळे कनकाकडे वळले. कनका पदराचं टोक पिळत होती. बाईंनी भाषा बदलली.

"सांग गे, कनका."

"फेकायचें कसें, अक्का?" ती एकदम बोलली, आणि बोलली ती थांबेचना. "लहानपणापासोन आमची आई म्हणे, धान्याचें पाणी मोरींत घालूं नये. दार उघडें होतें. तिकडची सगळीं हिरवीं, इकडचीं पिवळीं. पावम वाटलें. हीं कोणीं पाहत नाहींत म्हणून वाटलें. कंबर वाकत नाहीं, म्हणून पुढच्यांनाच घातलें. दोन दोन वाटी. मागोन तीं दोन मेलीं. माझ्या पाण्यानेंच मेलीं म्हणून भय पडलें. पोर परत येण्याआधीं उचलून ठेविलीं."

"आणि शुक्रवारी? त्या पोरीवर आलें तेव्हां?"

"तेव्हां मला काय कळतें गाठी म्हणजे काय? मग कळलें, तर सर रागांत. माझी नोकरी गेली तर घरांत मिळवणारें कोणी नाहीं, अक्का. उद्यां सांगूं, उद्यां सांगूं म्हणून सहा दिवस झाले. अहवालांत माझें नांव नका घालूं."

तिच्यावर ओरडावं तर ती त्यांच्या आईसारखंच बोलत होती. न ओरडावं तर समोर ती पोर बसली होती, जिचे सहा दिवस जळून गेले होते. वर शेषाद्री खाली मान घालून बसलेले, कारण नऊ दिवसांच्या सोयाबीनची कल्पना त्यांची होती आणि दुरुस्त न झालेलं सिंकही त्यांच्याच खात्यातलं.

"नोकरी जाणार नाही," शेषाद्री अखेर म्हणाले. "हरितगृहाचं दार उघडं होतं ती चूक माझी. पण कोणी तरी हे लिहून द्यायला हवं, कनका. माझ्या शब्दावर बोर्ड सावनीला सोडणार नाही."

कनकाने मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, ते कोणालाच कळलं नाही.

तेव्हा सावनी उठली. कनकाक्काने याच पँट्रीत तिला रोज दुपारी डब्यासोबत वाटीभर रसम दिलं होतं, या सहा दिवसांतही. ती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी घरी फोन करून सांगितलं होतं की मी येतेय, सामान घेऊन," ती म्हणाली. "आई विचारत होती, नक्की काय केलंस तू? मला सांगता येत नव्हतं. तुम्हाला येत होतं." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "कनकाक्का, माझी मुकी रोपंसुद्धा बोलली हो. तुम्हाला तर तोंड होतं."

मग कनकाने पदराने डोळे पुसले, कुंकू जरा फिसकटलं. टेबलावरचा कोरा कागद तिने आपल्याकडे ओढला.

"मराठी लिहितां येत नाहीं मला," ती म्हणाली. "तमिळांत लिहिलें तर चालेल कीं?"

"चालेल," बाई म्हणाल्या, आणि आपलं पेन त्यांनी पुढे केलं. कनका लिहीत राहिली, पान भरलं तरी लिहीतच राहिली. सावनी तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. तेवढ्यात पुष्करने न सांगता सगळ्यांसाठी कॉफी करून आणली होती. बाईंचा पेला समोर वाफाळत होता, पण कनकाचं लिहून होईपर्यंत त्याला हात लावणं बरं दिसलं नसतं. तीही गार झाली.